बदकांच्या पोटातलं शिसं

माझ्या दुकानाचं निम्मं गिऱ्हाईक भोरड्या पाठवायच्या. हे सांगितलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हसतात. त्यांना वाटतं, सांगलीत बंदुकीचं दुकान म्हणजे दिवसभर मिशीवाल्यांचा आणि पुढाऱ्यांच्या माणसांचा राबता. तसले एखाददुसरे यायचेही. एकजण तर बंदूक घ्यायला नाही, नुसती हातात धरून फोटो काढायला येत असे. सोबत फोटोवालाच घेऊन यायचा. पण आमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे शाळू राखणारा शेतकरी. थंडीत कणसात दाणा भरू लागला की गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या या पाखरांचे थवे आभाळ काळं करत उतरतात. थवा एकदा रानात बसला की कणसाची नुसती बोंडं राहतात. त्याला उठवायला बंदुकीचा एक बार पुरतो.

पीक राखायला सरकारकडून बंदुकीचं लायसन मिळे. आमच्याकडे फौजेतून पेन्शनीत आलेली माणसं गावोगावी, त्यांना बंदूक घरात असल्याशिवाय घर भरल्यासारखं वाटत नाही. त्यामुळे बारा बोअरच्या दुनळ्या खेड्याखेड्यांतून होत्या. त्या विकायच्या, दुरुस्त करायच्या, त्यांना काडतुसं पुरवायची, हा आमचा दोन पिढ्यांचा धंदा. वडील एका लहानशा संस्थानाच्या शस्त्रागारात कारागीर होते. संस्थान गेलं, हातातली कानस राहिली, त्या कानशीवर दुकान उभं राहिलं. वडिलांना लोक मिस्त्री म्हणत, मलाही मिस्त्रीच म्हणू लागले.

ज्यांनी काडतूस हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काडतूस म्हणजे अंगठ्यापेक्षा जरा जाड अशी नळकांडी. बुडाला पितळ, त्यात टोपी. टोपीवर घोडा आपटला की आतली दारू पेटते. दारूवर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड चकती आणि चकतीच्या पुढं छर्रे भरलेले. छर्ऱ्यांना नंबर असतात आणि ते उलटे चालतात: नंबर मोठा तितका छर्रा बारीक. पाखरांसाठी सहा नंबर, साधारण मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढा. डुकरासाठी एलजी, त्यात वाटाण्यापेक्षा मोठ्या गोळ्या मोजक्याच असतात, पण ज्याला लागतील तो उठत नाही. हे सगळे छर्रे शिशाचे. शिसं मऊ असतं, जड असतं, स्वस्त असतं. नळीला ओरखडा काढत नाही आणि लांबवर जोर धरतं. आमच्या धंद्यात शिशाला दुसरं नाव नव्हतं. लोहाराला कोळसा तसं आम्हाला शिसं. ते सुटल्यावर पुढं कुठं जातं, हा प्रश्न वडिलांना कुणी विचारला नाही आणि मलाही बरीच वर्षं कुणी विचारला नाही.

तो विचारला गेला तो नव्वदीच्या मधल्या वर्षांत, सुभेदार आनंदरावांच्या बदकांमुळे.

आनंदराव जतच्या रस्त्यावरच्या एका गावचे. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून नांदती आहेत. फौजेत सुभेदार होऊन परतले तेव्हा त्यांनी माझ्याकडूनच जुनी पण अंगानं चांगली दुनळी घेतली होती. उंच, सावळा, बोलायला मोजका माणूस. दुकानात आले की आधी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीशी उघडून, रिकामी आहे हे दाखवायचे, मग काउंटरवर आडवी ठेवायचे, मगच रामराम. अशी शिस्त पाळणारं गिऱ्हाईक आलं की मला बरं वाटे.

त्या वर्षी माघ सरत आला असताना ते आले, आणि त्यांनी बंदूक मोडून दाखवली नाही. रामरामही नाही.

“मिस्त्री, एलजी द्या. लायसनवर निघत्यात तेवढी.”

“एलजी? डुकरं लागली का रानाला?”

“डुकरंच म्हना.”

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. दाढीचे खुंट वाढलेले. फौजी माणूस, त्याला मी दाढी वाढलेला कधीच पाहिला नव्हता. वडिलांनी मला बंदुकीचं काम शिकवायच्या आधी एक गोष्ट शिकवली होती: गिऱ्हाईक रागात असलं की त्याची बंदूक पहिल्यांदा आपल्या हातात घ्यायची, बाकीचं बोलणं नंतर. मी दुनळी उचलली, मोडली, उजेडाकडं धरून नळीतून पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“खटका सैल झालाय सुभेदार. डावा घोडा आपोआप सुटेल एखादवेळी. अशी देता येणार नाही मला.”

खटका ठणठणीत होता. पण फौजी माणूस बिघडलेल्या हत्याराला हात लावत नाही, हे मला ठाऊक होतं.

“किती दिवस?”

“आठवडा धरा. स्प्रिंग मुंबईहून मागवावी लागेल. आणि एलजी आज शिल्लक नाही.” दुसरंही खोटंच. “बसा, चहा सांगतो.”

ते बसले. चहा आला, तो गार झाला. मग एकदम बोलले, “मालकिणीची बदकं मरायला लागल्यात.”

बदकांचं मला माहीत होतं. सुभेदारांची नोकरी बरीच वर्षं आसामकडं झाली होती. तिथं घरोघरी बदकं पाहिलेली, ते डोक्यात राहिलं. पेन्शनीत आल्यावर कृष्णाकाठी उतरलेल्या एका कानडी बदकवाल्याकडून त्यांनी पिल्लं आणली आणि बायकोच्या हवाली केली. शालनवहिनी उंब्रजच्या. माहेर नदीजवळचं, सासर कोरड्या माळावर. पाण्यात पोहणारी बदकं पाहून बाईंना माहेर दिसत असावं. गावच्या पाझर तलावाला लागूनच सुभेदारांचं रान होतं, त्यामुळं सोय झाली. दोन वर्षांत बदकं चांगली वाढली. अंडी जतच्या बाजारात जात. लोक आधी नाकं मुरडत, मग माणूस पाठवून मागवू लागले.

“आन् आता रोज सकाळी दोनतीन मेलेली घावत्यात,” सुभेदार म्हणाले. “पंख गळत्यात, मान वाकडी व्हती, चालताना भेलकांडत्यात. विष घातल्याबिगर असं व्हत न्हाई.”

“कुणी घातलं?”

“हणमंतानं. दुसरं कोन?”

हणमंत म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. तलावाच्या अंगालाच त्याची द्राक्षबाग. द्राक्षाला औषधं मारावी लागतात, ती मिसळायचं पाणी तो तलावातून घ्यायचा आणि पिंपं तलावाच्या काठावरच धुवायचा. त्यावरून दोनदा बोलाचाली झाली होती. दुसऱ्यांदा हणमंत चारचौघांत म्हणाला होता, “तुझ्या बदकांपायी मी बाग वाळवू व्हय?” त्यानंतर आठ दिवसांत पहिलं बदक मेलं. सुभेदारांना पुरावा आणखी कसला हवा?

“सुभेदार, तुम्ही फौजेत होता तेव्हा तुमचं रान कोण कसत होतं?” मी विचारलं.

हणमंतच कसत होता. धान्याचा वाटा एकाही वर्षी चुकला नव्हता, हे त्यांनीच मला पूर्वी कौतुकानं सांगितलेलं.

“त्येच तर,” ते म्हणाले. “परक्यानं केलं असतं तर लागलं नसतं, मिस्त्री.”

ते एसटीनं परत गेले. बंदूक माझ्याकडं राहिली. मी शटर अर्धं ओढून थेट गुरांच्या दवाखान्यात गेलो.

तिथले डॉक्टर साळुंखे माझे मित्र. मूळचे कराडजवळच्या मलकापूरचे, अंगानं जाड, स्वभावानं शांत, म्हशीच्या लाथा खाऊनही हसणारे. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “मासे मेलेत का तलावातले?”

“ते काही बोलले नाहीत.”

“औषधाचं पाणी असतं तर मासे आधी उलटे झाले असते. बेडकं तडफडली असती. उद्या सकाळी निघू. तुमची स्कूटर नको, मी पडतो तीवरून. दवाखान्याची जीप घेऊ.”

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा शालनवहिनी अंगणात एक बदक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पांढरं स्वच्छ बदक, पण दोन्ही पंख छपरासारखे खाली उतरलेले. त्याला त्या भाताची पेज पाजत होत्या आणि ती चोचीतून परत बाहेर येत होती.

“आवं, खातच न्हाई,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “अंगात नुसती हाडं ऱ्हायल्यात. विष असतं तर झटक्यात गेली नसती का? ही तर झिजून मरायल्यात.”

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना वहिनींचं बोलणं पटलेलं दिसलं. बदक उलटंसुलटं करून पाहिलं, शिट पाहिली. ती हिरवीगार होती. मग म्हणाले, “कोंबड्या कशा आहेत?”

“कोंबड्या चांगल्या हायत की.”

“त्या तलावावर जातात?”

“कोंबड्या कशाला जातील वो पान्यात?”

रात्री मेलेली दोन बदकं डालग्याखाली झाकून ठेवली होती. डॉक्टरांनी ती परसात पोत्यावर घेतली. सुभेदार हाताची घडी घालून उभे राहिले. तेवढ्यात कुंपणापलीकडून हणमंत आला. गाडी आल्याचं पाहूनच आला असणार. सुभेदारांसारखाच उंच, पण अंगानं भरलेला, हाताला निळसर डाग, बागवाल्यांच्या हाताला औषधांचे पडतात तसे.

“ये की,” सुभेदार त्याच्याकडं न बघता म्हणाले. “बघायला आलायस का काय घातलंस ते?”

“आन्द्या, तोंड सांभाळ. गावभर मला विषारी म्हणून फिरतोयस, मी आईच्यानं कशाला हात लावलेला न्हाई.”

“दोघंही जरा मागं व्हा,” डॉक्टर म्हणाले. “मला उजेड लागतो.”

इथं बदकाविषयी एक गोष्ट सांगायला हवी, मलाही ती त्या दिवशीच कळली. बदकाला दात नसतात. आपण कोंबडीवाल्याकडं कलेजीबरोबर जो पेटा मागतो, तो पाखरांचं जातं असतो. बदक चिखलातले बारीक खडे मुद्दाम गिळतं. ते पेट्यात साठतात आणि दाणा भरडतात. डॉक्टरांनी पेटा चिरला. आतलं अस्तर हिरवं पडून सोलवटलेलं होतं. त्यांनी आतला खडा-माती बशीत धुतली, पाणी सांडलं, बशी हलवली. राखाडी खड्यांत काही वेगळंच लकाकलं. चपटं, मसुरीच्या डाळीसारखं.

त्यांनी ते चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवलं. “मिस्त्री, हे तुमच्या खात्यातलं.”

मी ते हातात घेतल्याबरोबर वजनावरून ओळखलं. एवढासा कण, पण खड्यापेक्षा जड. चाकूनं कापलं तर लोण्यासारखं कापलं गेलं आणि आतून चांदीसारखं चमकलं. शिसं. सहा नंबरचा छर्रा, झिजून झिजून चपटा झालेला. दुसऱ्या बदकाच्या पेट्यातही तेच निघालं.

“गोळी घातली?” हणमंत म्हणाला. “बदकांना गोळी घातली कुनी?”

“अंगावर जखम नाही,” डॉक्टर म्हणाले. “हे त्यांनी खाल्लंय. खडा समजून गिळलंय. पेट्यात ते दळलं जातं, शिसं रक्तात उतरतं. मग पंख गळतात, खाल्लेलं पुढं सरकत नाही. वहिनी म्हणाल्या तसं झिजून मरतं. एखाददुसरा छर्रासुद्धा पुरतो.”

“पन छर्रे तलावात कुठनं येतील?” सुभेदारांनी विचारलं. तोवर त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. मला कळलं होतं, पण बोलायचं धाडस होईना.

बोलल्या त्या शालनवहिनीच.

“तुमी माळ्यावरनं बार काढता न्हवं सकाळचं,” त्या हळू म्हणाल्या. “मी काठावर भांडी घासत असती. बार झाला की थोड्या वेळानं पान्यात टपटप आवाज येतो. पावसावानी. मला वाटायचं, पाखरांची शिट.”

आम्ही सगळे नकळत रानाकडं वळून पाहू लागलो. माळा, म्हणजे राखणीचं मचाण, शाळूच्या पूर्वेच्या टोकाला होता. सकाळी पाखरं येतात तेव्हा सूर्य पाठीशी हवा, नाहीतर डोळे दिपतात. म्हणून सुभेदार पश्चिमेकडं तोंड करून बार काढत. शाळूच्या पश्चिमेला तलाव. पेन्शनीत आल्यापासून दर थंडीत रोज सकाळी, असा तो बार निघत होता. पाखरं उठत, शाळू वाचे आणि छर्रे शाळूवरून जाऊन तलावाच्या त्या कोपऱ्यात पडत. आधीची दोन वर्षं तलाव भरलेला होता, तिथं बदकांची चोच तळाला पोचत नव्हती. त्या वर्षी पाऊस कमी झाला. पाणी मागं हटलं, कोपरा उथळ झाला आणि बदकं दिवसभर तिथल्याच चिखलात चोची खुपसून बसू लागली.

सुभेदार तलावाकडं चालू लागले. आम्ही मागोमाग. कोपऱ्यात ते धोतरासकट उकिडवे बसले, ओंजळभर चिखल घेतला, पाण्यात हलवला. एकदा, दोनदा. तिसऱ्या ओंजळीत त्यांना छर्रे सापडले. ते त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवले.

मग उठून हणमंताकडं वळले. “हणमंता, मी लय बोललो तुला.”

“बोललासच,” हणमंत म्हणाला. “देवळात बोललास. सोसायटीत बोललास. माझ्या पोराच्या सोयरिकीला आलेली मानसं परत गेली, ठाव हाय का तुला?” आणि तो निघून गेला.

परतताना जीपमध्ये मी डॉक्टरांना सांगितलं, सुभेदारांनी माझ्याकडं एलजी मागितली होती. डॉक्टर म्हणाले, “मग तुम्ही माझ्यापेक्षा मोठा इलाज केलात, मिस्त्री.” हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, कारण त्याचा मला अभिमान आहे आणि या वयात तो लपवत बसण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांनी मिरजेहून इंजेक्शनं मिळवली. ज्या बदकांची मान अजून ताठ होती त्यांना ती दिली. काही वाचली, काही नाही. राहिलेल्यांना सुभेदारांनी विहिरीशेजारी एक लहान डोह खणून दिला आणि पेट्यासाठी ओढ्यातली धुतलेली वाळू आणून टाकली. माझ्याकडची बंदूक न्यायला ते आठवडाभरानं आले, दाढी करून. बंदूक मोडून पाहिली, डाव्या घोड्याचा खटका दोनदा ओढून बघितला.

“मिस्त्री, ह्यात बिघाड नव्हताच की.”

“नव्हता.”

त्यांनी मान डोलावली. “ऱ्हाऊ दे हितंच थोडे दिवस,” म्हणाले आणि गेले.

मला वाटलं प्रकरण संपलं. पण एका दुपारी दुकानाच्या पायरीवर हणमंत उभा. मी उठून खुर्ची दिली. त्यानं पाणी घेतलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सरळ विषयाला हात घातला.

“मिस्त्री, लोखंडाचे छर्रे मिळत्यात का?”

“कशाला?”

“आवं, आन्द्यानं बंदूक बंद केली. आता सगळ्या भोरड्या माझ्या बागेत. द्राक्षं फोडून ठेवत्यात. इतकी वर्सं त्याच्या बारानं माझी बी बाग राखली जात व्हती, ते आत्ता कळलं.” थोडं थांबून तो म्हणाला, “शिशानं बदकं मरत्यात, तर लोखंड घाला. लोखंड खाल्लं तर काय हुतंय? आमी लोखंडाच्या कढईतच भाजी खातो.”

प्रश्न अगदी रास्त होता. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मी ऐकलं होतं की परदेशात पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे झाडायला बंदी घालतायत आणि पोलादाचे वापरतायत. आपल्याकडं तसली काडतुसं बाजारात नव्हती. पण हणमंत म्हणाला ते डोक्यातून जाईना. माझ्याकडं दुरुस्तीचं आणि बंदूक तपासून पाहण्याचं लायसन होतं, आणि मागच्या खोलीत एक जुनी, निकामी ठरवलेली नळी घोडा-खटक्यासकट पडून होती. सायकलवाल्याकडून बेअरिंगचे छर्रे आणले. आपल्याकडं सायकलच्या त्या गोळ्यांनाही छर्रेच म्हणतात, म्हणून दुकानदारानं काही विचारलं नाही. ते भरून काडतूस तयार केलं. गावाबाहेरच्या खाणीत नळी शिकंज्यात आवळून, लांब दोरी बांधून, दगडाआडून खटका ओढला. अशी कामं घरी करून पाहू नयेत, हे मी आवर्जून लिहितो.

बार मोठा झाला. नळी पाहिली तर आतून उभे ओरखडे, नांगरलेल्या रानासारखे. आणि तोंडाशी, जिथं छर्रे एकवट राहावेत म्हणून नळी किंचित आवळलेली असते, तिथं फुगवटा. शिसं मऊ, ते आवळलेल्या जागेतून दबून निघतं. बेअरिंगची गोळी दबत नाही. जागा झाली नाही तर ती नळीलाच जागा करायला लावते. शिवाय पोलाद शिशापेक्षा हलकं, ते लवकर दमतं. परदेशातले छर्रे मऊ पोलादाचे असतात, त्यांना नळीला न लागू देणारी प्लॅस्टिकची वाटी असते आणि नळीही त्या हिशेबाची. आपल्या जुन्या दुनळीत सायकलची गोळी म्हणजे एक दिवस डोळा नाहीतर बोटं जायची.

हणमंताला मी ती फुगलेली नळी दाखवली. त्यानं तीवरून बोट फिरवलं. “म्हंजे लोखंड बदकाला चालतं, पन बंदुकीला न्हाई. शिसं बंदुकीला चालतं, बदकाला न्हाई.”

“तसंच.”

“मग बंदूकच नगं की.” तो हसला. त्या प्रकरणात त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाला, “आन्द्याला सांगा, हणमंत ट्रॅक्टर घेऊन येतोय म्हणावं. त्यो कोपरा खरवडून काढू. माझी बी गरज हाय.”

“तुम्हीच सांगा.”

“न्हाई. तुमी सांगा. मग मी येतो.”

निरोप मी दिला. चैत्रात तलाव आणखी आटला तेव्हा हणमंताचा ट्रॅक्टर कोपऱ्यात उतरला. एरवी आमच्याकडं तलावाचा गाळ लोक सोनं समजून शेतात नेतात. हा गाळ मात्र कुणी नेऊ नये म्हणून सुभेदार स्वतः काठी घेऊन उभे राहिले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो लांबच्या एका पडीक खाणीत, पाण्याच्या वाटेपासून दूर टाकला आणि वर जाड मुरूम पसरला. सगळं शिसं निघालं असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. म्हणून बदकांना त्या काठावर पुन्हा सोडलं नाही. पण रानबदकं थंडीत उतरतात, त्यांना कोण अडवणार? त्यांच्यासाठी जेवढं निघालं तेवढं निघालं. काम संपल्यावर दोघं भाऊ ट्रॅक्टरच्या सावलीत बसून एकाच ताटलीतली भाकरी खात होते. बोलत नव्हते, पण खात होते. हणमंताच्या मुलाचं लग्न पुढं दुसरीकडं जमलं, आणि मुलीकडच्यांना पटवायला सुभेदार स्वतः गेले होते, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर मी सहा नंबर मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट सांगू लागलो: पाण्याकडं तोंड करून बार काढू नका, आणि नुसतं पाखरू उठवायचं असेल तर छर्ऱ्यांची गरजच नाही, आवाज पुरतो. काहीजण ऐकत. काही हसत. एकजण म्हणाला, “मिस्त्री, हलवाई साखर खाऊ नका म्हणायला लागला तर दुकान चालंल का?” दुकान हळूहळू कमीच चाललं, पण ते त्यामुळं नाही, लायसनं मिळेनाशी झाली, फौजींची पोरं शहरात गेली. रुखरुख एवढीच आहे की वडिलांच्या आणि माझ्या हातून गेलेली काडतुसं कुठंकुठं सुटली असतील, त्या सगळ्या तळ्यांच्या काठी ट्रॅक्टर गेलेला नाही. शिसं काही कुजत नाही. पण ही रुखरुख मला झोपू देत नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. मला छान झोप लागते.

पुढच्या थंडीत सुभेदारांचं बोलावणं आलं, हुरडा खायला. डॉक्टर आणि मी दोघंही गेलो. शाळू छातीएवढा उभा होता. माळ्यावर बंदूक नव्हती. शेताच्या चारी अंगांना तेलाचे रिकामे डबे टांगलेले आणि त्यांच्या दोऱ्या माळ्याशी आणलेल्या. हणमंताच्या बागेवर जुन्या कॅसेटींच्या फिती ताणलेल्या, वाऱ्यानं भणभणत होत्या. आणि शालनवहिनींच्या हातात गोफण. त्यांनी ती डोक्याभोवती फिरवली, दोरीचं टोक सोडलं, आणि असा फटकारा निघाला की मला वाटलं बारच झाला. शेताच्या पार टोकाचा थवा उठला आणि हणमंताच्या बागेकडं वळला. तिथनं त्याच्या बायकोची गोफण कडाडली, तसा आभाळात घिरटी घालून माळाकडं निघून गेला.

“आता तुमी, मिस्त्री,” वहिनी म्हणाल्या. “जल्मभर दुसऱ्याला बार विकलेसा. एक काढून दावा.”

मी गोफण घेतली. खडा घातला. फिरवली. बंदुकीत निदान तोंड कुणीकडं आहे ते कळतं. गोफणीत कळत नाही. मी दोरी सोडली तेव्हा खडा पुढं जायच्या ऐवजी मागं गेला आणि सुभेदारांच्या डोक्यावरून जाऊन टांगलेल्या डब्यावर आदळला. डबा असा वाजला की शाळूत लपून बसलेला, कुणाला न दिसलेला एक अख्खा थवा भर्रकन उठला. विहिरीकडच्या डोहातली बदकं मान वर करून ओरडू लागली. डॉक्टर हसून हसून खाली बसले.

हणमंत डोळे पुसत म्हणाला, “आन्द्या, ह्येनला तुझ्या जागी ठिवू या.”

सुभेदार उठले, मोकळ्या आभाळाकडं बघत म्हणाले, “नेम चुकला, पन दुश्मन उठला. पास हाय.”

मी कपाळावरचा घाम पुसला आणि दुसरा खडा शोधायला वाकलो.